डोळ्यांची साक्ष आणि शहरांची हवा

परगावी जाऊन आलेला माणूस पूर्वी तेथल्या पाण्याविषयी बोलत असे, आता तो हवेविषयीही बोलू लागला आहे. दिल्लीहून परतलेले आपले समाजबांधव सांगतात की, नोव्हेंबर महिन्यात तेथे भरदुपारी सूर्य चंद्रासारखा फिकट दिसतो. लंडनला शिकावयास गेलेली मुले निळ्याशार आकाशाची छायाचित्रे घरी पाठवितात. मुंबईकर म्हणतो, आमच्या दाराशी समुद्र आहे, आमची हवा बरी. यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकजण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. तरीही या तीन विधानांवरून तीन शहरांचा क्रम लावावयाचा म्हटले तर तो चुकण्याचा संभव फार आहे.

न्यायालयात प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला मान असतो, पण त्याची उलटतपासणी झाल्याखेरीज त्याची साक्ष ग्राह्य धरली जात नाही. हवेच्या बाबतीत आपले डोळे हे असेच साक्षीदार होत. त्यांना काय दिसते, काय दिसत नाही आणि दिसलेले किती विश्वासार्ह, याची थोडी उलटतपासणी आम्ही येथे करणार आहोत. त्यासाठी जगातील काही मोठ्या शहरांचे दाखले घेऊ. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना यातील काही भाग परिचित वाटेल, परंतु इतर वाचकांसाठी तो सांगणे अवश्य आहे.

डोळ्यांना काय दिसते?

हवा स्वतः दिसत नाही. दिसतो तो हवेतील कणांनी इतस्ततः फेकलेला प्रकाश. समजा, दूर एक डोंगर आहे. त्या डोंगरावरून आपल्याकडे निघालेला प्रकाश वाटेतील कणांवर आदळून विखुरतो. त्याच वेळी बाजूने येणारा सूर्यप्रकाश त्याच कणांवरून उडून आपल्या डोळ्यांत शिरतो. परिणाम असा की, डोंगर आणि त्यामागील आकाश यांच्या उजेडातील फरक कमी कमी होत जातो. तो सुमारे दोन टक्क्यांवर आला म्हणजे डोंगर असूनही दिसेनासा होतो. किती अंतरावर असे घडेल, ते काढण्याचे सूत्र कोश्मीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ साली मांडले आणि आजही तेच वापरात आहे. हवेत एकही कण नसेल तर समुद्रसपाटीवर जवळजवळ तीनशे किलोमीटरपर्यंतचे दिसू शकेल, असे हे सूत्र सांगते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी असताना पंजाबातील जालंधरच्या गच्च्यांवरून हिमाचलातील धौलाधारची बर्फाच्छादित शिखरे दिसू लागली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटले. चमत्कार वगैरे काही नव्हता. शिखरे होती तेथेच होती. मधले कण तेवढे कमी झाले होते.

आता हे कण सारखे नसतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. रस्त्यावरची धूळ, सिमेंटची भुकटी यांतील बरेचसे कण काही मायक्रॉनांचे असतात, तर धुरातील कण एका मायक्रॉनहूनही लहान. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे. ज्या कणांचा आकार या तरंगलांबीच्या आसपास असतो, ते प्रकाश सर्वांत जास्त विखुरतात. म्हणून एक किलो जाड धूळ हवेत उडविली तर जेवढे धूसर दिसेल, त्याहून कितीतरी जास्त धूसर एक किलो बारीक धुराने दिसेल. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, हेच बारीक कण नाकातील केसांत किंवा घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. अडीच मायक्रॉन व त्याहून लहान कणांना शास्त्रज्ञ पीएम २.५ म्हणतात ते याचसाठी वेगळे काढून. एवढ्यापुरती डोळ्यांची साक्ष खरी म्हणावयास हवी. दाट धुरके दिसते त्या दिवशी घातक कण बहुधा असतातच.

पण उलटतपासणीचा पहिला प्रश्न येथेच उभा राहतो, तो ओलाव्याचा. हवेतील कणांपैकी सल्फेट आणि नायट्रेट या जातीचे कण मिठासारखे असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे काय होते ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. हे कणही हवेतील बाष्प ओढून घेतात, फुगतात आणि फुगले म्हणजे प्रकाश कित्येक पटींनी जास्त विखुरतात. कणांचे कोरडे वजन मात्र तेवढेच राहते. म्हणजे कोरड्या हवेच्या शहरात आणि दमट हवेच्या शहरात प्रदूषण तंतोतंत सारखे असले तरी दमट शहर अधिक मळकट दिसणार. एकाच शहरात सकाळी दिसणारे धुरके दुपारी विरल्यासारखे वाटते, त्यात प्रदूषण कमी होण्याचा वाटा किती आणि ऊन चढून हवा कोरडी होण्याचा वाटा किती, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न वायूंचा. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. सल्फर डायऑक्साईडला उग्र वास आहे पण रंग नाही. रस्त्यावरच्या हवेत जेवढा ओझोन असतो, तेवढा तो दिसत नाही. नेहमीच्या वायूंत नायट्रोजन डायऑक्साईड हा तेवढा तांबूस-तपकिरी रंगाचा. डोळ्यांच्या साक्षीतून वायूंचा हा सगळा कारभार वगळला जातो.

धूर मोजण्याचा तक्ता

डोळ्यांनी पाहून प्रदूषण मोजण्याचा शास्त्रशुद्ध प्रयत्न फार जुना आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८ च्या सुमारास एक साधा तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या छापलेल्या. पहिल्या जाळीत वीस टक्के कागद काळा, दुसरीत चाळीस, याप्रमाणे पाचवीत संपूर्ण काळा. तक्ता दूर टांगावयाचा, रेघा एकमेकींत मिसळून करड्या दिसू लागल्या की चिमणीतून निघणारा धूर कोणत्या छटेशी जुळतो ते पाहावयाचे आणि आकडा लिहावयाचा. यंत्र नको, वीज नको. कारखान्याच्या चिमणीपुरता हा तक्ता चांगला चालला. पण तो धूर मोजतो, हवा मोजत नाही. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरला, आणि तो सर्वांत आधी लंडनला कळला.

लंडन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० ते १९२३ या काळात लंडनला शिकत होते, ते लंडन कोळशाच्या धुराचे शहर होते. घरोघरी शेगडीत कोळसा जळे. हिवाळ्यात थेम्स नदीवरचे धुके आणि हा धूर एकत्र होऊन पिवळसर, दाट असे काही तयार होई. धूर आणि धुके या दोहोंसाठी इंग्रजीत असलेल्या शब्दांची सांगड घालून ‘स्मॉग’ हा शब्द तेथे १९०५ सालीच निघाला होता. मराठीतील धुरके हा शब्द त्याच धर्तीचा. लंडनवासीयांना त्याची इतकी सवय झाली होती की, ते त्यावर विनोद करीत.

५ डिसेंबर १९५२ रोजी असेच धुरके उतरले आणि ९ डिसेंबरपर्यंत हलले नाही. साधारणपणे जमिनीलगतची हवा गरम असते, ती वर जाते आणि आपल्याबरोबर धूर घेऊन जाते. त्या पाच दिवसांत जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असे उलटे झाले. भांड्यावर झाकण बसावे तसा हा थर बसला. वारा नव्हता. बसचे वाहक हातात दिवे घेऊन बसच्या पुढे चालत. नाट्यगृहात धुरके शिरून प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, म्हणून ऑपेराचा प्रयोग थांबवावा लागला. पशुप्रदर्शनासाठी आणलेली काही जनावरे गुदमरून मेली. एवढे सगळे डोळ्यांसमोर घडत असूनही माणसे किती मेली हे त्या दिवसांत कोणाच्या लक्षात आले नाही. मृत्यूंच्या नोंदी एकत्र केल्यावर ते उमगले. प्रथम चार हजार हा आकडा काढण्यात आला. पुढील काळातील अभ्यासकांनी तो बारा हजारांच्या घरात नेला. डोळा नेहमी सवयीच्या तुलनेत पाहतो. दरवर्षी दिसणारे धुरके या वर्षी जरा जास्त आहे, एवढेच त्याला दिसले.

१९५६ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वच्छ हवेचा कायदा केला. ‘काळा धूर’ म्हणजे काय याची व्याख्या त्यात करताना रिंगेलमनच्या तक्त्यातील दुसरी छटा प्रमाण मानली होती. घरगुती शेगड्यांत धूर न करणारे इंधन आले, काळा धूर गेला, इमारती धुऊन काढल्यावर त्यांचे मूळ रंग दिसू लागले. कायदा यशस्वी झाला यात शंका नाही. परंतु तो दिसणाऱ्या धुराविरुद्ध होता. न दिसणारा भाग राहिला, आणि मोटारी वाढल्या तशी त्यात भर पडली. २०१३ साली आग्नेय लंडनमध्ये रहदारीच्या हमरस्त्यापासून जवळच राहणारी नऊ वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी दम्याने मरण पावली. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने असा निष्कर्ष दिला की, तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा हातभार लागला, आणि त्यात नायट्रोजन डायऑक्साईडचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचा उल्लेख केला. ज्या आकाशाची छायाचित्रे आपली मुले घरी पाठवितात, ते हेच.

लॉस एंजेलिस

लंडनच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घडला. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी अशी धूसर हवा पसरली की डोळे चुरचुरू लागले आणि काही इमारतींपलीकडचे दिसेना. महायुद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला अशी अफवा उठली. नंतर लोकांनी एका कारखान्याकडे बोट दाखविले. कृत्रिम रबरासाठी लागणारा वायू तो तयार करीत होता. कारखाना बंद करून पाहिला, तरी धुरके येतच राहिले.

खरा प्रकार शोधून काढला तो हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने, १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत. त्यापूर्वी हे गृहस्थ अननसाचा स्वाद कशाने येतो यावर संशोधन करीत होते. त्यांनी दाखविले की, मोटारींच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साईड आणि पेट्रोलच्या वाफा यांवर कडक ऊन पडले म्हणजे त्यांच्यातून ओझोन आणि बारीक कण तयार होतात. मोटारीच्या नळीतून बाहेर पडताना जे दिसत नाही, ते हवेत शिजून दिसू लागते. लंडनचे धुरके हिवाळ्याचे, थंडीचे, पिवळट-काळे. लॉस एंजेलिसचे उन्हाळ्याचे, दुपारचे, तपकिरी झाकेचे. दोन्हींना जग एकाच नावाने ओळखत होते, इतकेच.

आम्हांस हा शोध फार मोलाचा वाटतो. ज्याचा धूर दिसतो त्यालाच आरोपी धरण्याची लोकांची, आणि कित्येकदा अधिकाऱ्यांचीही, खोड त्याने मोडावयास हवी होती. मोडली असे मात्र दिसत नाही.

मेक्सिको, बीजिंग, दिल्ली

मेक्सिको शहर २,२४० मीटर उंचीवर आणि डोंगरांच्या वाटीत वसलेले आहे. तेथे हवेत प्राणवायू मुळातच कमी, त्यामुळे इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि माणसालाही जास्त श्वास घ्यावा लागतो. शहरातून दिसणारे हिमाच्छादित ज्वालामुखी वर्षातील बहुतेक दिवस दिसेनासे झाले, तेव्हा लोकांना प्रदूषण कळले. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत हे शहर जगातील सर्वाधिक प्रदूषित ठरले. तेथे १९८९ पासून प्रत्येक मोटारीने आठवड्यातील एक दिवस रस्त्यावर येऊ नये असा नियम होता. अनेक कुटुंबांनी त्यावर तोडगा म्हणून वेगळ्या क्रमांकाची दुसरी, जुनी मोटार विकत घेतली. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये सम-विषम क्रमांकांची योजना आली, तेव्हा मेक्सिकोचा हा अनुभव समोर होता.

बीजिंगचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्या एका शहरात दोन तऱ्हेची घाण हवा दिसते. १५ मार्च २०२१ रोजी तेथे आकाश नारिंगी झाले. ही गोबी वाळवंटाकडून आलेली धूळ होती. छायाचित्रे भयानक होती आणि जगभर छापून आली. १२ जानेवारी २०१३ ची हवा मात्र नुसती राखाडी होती, दिसावयास नारिंगी आकाशाइतकी भयंकर नाही. परंतु त्या दिवशी कोळशाच्या व वाहनांच्या धुरातील बारीक कण इतके होते की, तेथील अमेरिकन वकिलातीच्या यंत्राचा आकडा पाचशेपर्यंतच्या मोजपट्टीच्या पार बाहेर गेला. त्यानंतर शासनाने कोळशाचे बॉयलर काढून वायूचे बसविले आणि २०१७ मध्ये शहरातील शेवटचे मोठे कोळसा-वीजकेंद्र बंद केले. २०१३ साली एका घनमीटर हवेत पीएम २.५ ची वार्षिक सरासरी नव्वद मायक्रोग्रॅमच्या जवळ होती, ती २०२१ साली तेहतीसवर आली. आठ वर्षांत एवढी घट होऊ शकते हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ‘एवढे मोठे शहर म्हटल्यावर हे चालायचेच’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

दिल्लीकडे समुद्र नाही. उत्तरेला हिमालयाची भिंत, हिवाळ्यात मंद वारा आणि लंडनच्या वर्णनात आलेले तेच उबदार हवेचे झाकण. मे-जूनमध्ये राजस्थानकडून येणारी धूळ आकाश पिवळे करते. ऑक्टोबर-अखेरीपासून पंजाब-हरियाणातील भाताचे खुंट जाळल्याचा धूर येतो, त्यात दिवाळीचे फटाके, आणि वर्षभर चालूच असलेली वाहने, वीटभट्ट्या, वीजकेंद्रे, कचरा व थंडीत शेकोट्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळे २००२ च्या अखेरीपर्यंत दिल्लीतील बसगाड्या डिझेलऐवजी सीएनजीवर धावू लागल्या. बसच्या मागून निघणारा काळा लोट त्यामुळे दिसेनासा झाला, आणि काही वर्षे लोकांची समजूत झाली की प्रश्न मिटला. परंतु वायूंपासून हवेतल्या हवेत तयार होणाऱ्या कणांना लोट नसतो. ते कोठून निघाले ते बोट दाखवून सांगता येत नाही. म्हणून दरवर्षी खुंट जाळणारा शेतकरी तेवढा दोषी ठरतो. त्याचा धूर दिसतो ना! त्याचा वाटा खरा आहे, पण तो काही आठवड्यांचा. डिसेंबर-जानेवारीत शेते विझलेली असतात, हवा मात्र तशीच राहते.

आकड्यांतील घोटाळा

डोळे फसतात म्हणून आकडे घ्यावेत हे बरोबर, पण आकडेही एका मापाचे नसतात. आपल्याकडे २०१५ पासून हवेचा निर्देशांक जाहीर होतो. पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, असे करीत चारशेच्या वर गंभीर. हा निर्देशांक म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हे, हे प्रथम समजून घ्यावे. एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने साठ मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल, तर आपल्या पद्धतीने निर्देशांक शंभर येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकन पद्धतीने मोजली तर आकडा दीडशेच्या वर जातो आणि तिला ‘अपायकारक’ म्हणतात. मोबाईलवर निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेले आकडे शेजारी मांडून शहरांची तुलना करणाऱ्यांनी मोजपट्टी कोणती ते आधी पाहावे. शक्यतो निर्देशांक सोडून मायक्रोग्रॅमच घ्यावेत. वर्षाच्या सरासरीसाठी आपल्या देशाची मर्यादा चाळीस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली पाच आहे.

मुंबई

आता घराकडे येऊ. महापरिनिर्वाण दिनी, ६ डिसेंबरला, दादरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या आपल्या बांधवांना समुद्रात वांद्रे-वरळी सागरी सेतू समोर दिसतो. कधी त्याच्या तारा मोजता येतील इतका स्वच्छ, कधी नुसती राखाडी रेघ. डिसेंबर हा त्यासाठी मुंबईतील वाईट महिन्यांपैकी एक. दिवसा समुद्रावरून येणारा वारा शहराची हवा धुऊन नेतो हे खरे. पण रात्री वारा उलटतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हिवाळ्यात दोन्ही वारे मंदावतात, झाकण खाली येते, आणि सकाळी समुद्रावर जो पट्टा दिसतो तो पुष्कळदा आपणच रात्री तिकडे ढकललेला असतो. त्यात समुद्राचा दमटपणा मिसळतो. म्हणून मुंबईचे धुरके कधी आहे त्याहून जास्त दिसते, आणि मुंबईकर ते ‘धुके पडले’ म्हणून सोडून देतो.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात काही दिवशी मुंबईचे आकडे दिल्लीच्या बरोबरीला आले. सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निनामुळे किनाऱ्यावरील वाऱ्यांची चाल बदलली, असे काही शास्त्रज्ञांनी मांडले. बांधकामांची धूळ होतीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन याची दखल घेतली आणि महापालिकेने नियमावली काढली. मोठ्या बांधकामांभोवती पस्तीस फूट उंच पत्रे उभारावेत हा तिच्यातील एक नियम. पत्र्यांनी जाड धूळ काही प्रमाणात अडते, पाण्याचे फवारे मारले तर आणखी. बारीक कणांना पत्रा लागत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र आतले दिसेनासे होते.

विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या गच्चीवरून किंवा शाळेच्या मैदानावरून दिसणाऱ्या तीन-चार ठळक वस्तू निवडा. पाण्याची टाकी, मनोरा, टेकडी, काही चालेल, पण त्यांची अंतरे नकाशावर मोजून ठेवा. रोज एकाच वेळी कोणती दिसते, कोणती दिसत नाही ते वहीत लिहा. शेजारी त्या वेळची सापेक्ष आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा लिहा, आणि जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा आकडा. सूर्य पाठीशी असताना पाहा, कारण सूर्याकडे तोंड करून पाहिले तर थोडे कणही फार वाटतात. पावसाचे व खऱ्या धुक्याचे दिवस वेगळे काढा. हवामान खाते एक किलोमीटरच्या आत दिसेनासे झाले तरच त्याला धुके म्हणते. एका हिवाळ्यात तुम्हांला दिसून येईल की, आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असलेले दिवस बाजूला ठेवले की उरलेल्या दिवसांत डोळ्यांचा आणि यंत्राचा मेळ बराच बसतो.

वही सांगणार नाही ते

या वहीतून काय सुटेल, तेही सांगितले पाहिजे. चुलीच्या धुराचे पहिले तास खोलीच्या आत जातात. शहराच्या सरासरीत ते कोठे येत नाहीत. लाकूड, गोवऱ्या, प्लास्टिकच्या चिंध्या पेटवून पाणी तापविणारी आई जो श्वास घेते, तो चौकातल्या यंत्राला कळत नाही. देवनारचे कचऱ्याचे मैदान १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटले, धूर उपग्रहावरूनही दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्या आठवड्यात साऱ्या मुंबईला गोवंडी आठवली. एरवी कचरा आतल्या आत कुजत असतो, त्याचे वायू निघत असतात, आणि त्याच गोवंडीच्या गल्ल्यांत मुले खेळत असतात.

सर्वांत बोलका दाखला माहुलचा. चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठी हे गाव. १९५० च्या दशकापासून त्या परिसरात तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत, पुढे रसायनांच्या टाक्या आल्या. टाक्या भरताना-उपसताना बेंझिन, टोल्युईन यांसारख्या पदार्थांच्या वाफा निघतात. त्यांना रंग नाही. हिवाळ्यात लोक दुर्बिणी घेऊन शिवडी-माहुलच्या चिखलपट्ट्यांवर रोहित पक्षी पाहावयास येतात. दुर्बिणीतून पक्षी छान दिसतात, पलीकडचा किनारा दिसतो. आपल्या वहीत अशा दिवशी ‘हवा स्वच्छ’ अशीच नोंद झाली असती. माहुलच्या रहिवाशांपैकी बहुसंख्यांना श्वास लागतो, डोळे चुरचुरतात, गुदमरल्यासारखे होते, असे केईएम रुग्णालयाच्या पाहणीत आढळले होते. त्या आधारावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये तेथील लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचे नमूद केले.

असे नमूद झालेले असतानाही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून तेथील हजारो कुटुंबांना २०१७ पासून माहुलच्या इमारतींत घरे देण्यात आली. घरे पक्की होती, वर छत होते, खिडकीतून उजेड येत होता. कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण. माणसे आजारी पडू लागली तेव्हा त्यांच्याजवळ दाखवावयाला धूर नव्हता. खोकला होता, त्वचेचे आजार होते, दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या. २०१८ च्या अखेरीस त्यांतील काही कुटुंबे विद्याविहारला जलवाहिनीजवळ, जेथून त्यांना उठविले होते तेथेच, उघड्यावर धरणे धरून बसली. बायाबापड्या, शाळकरी मुले, थंडीत. प्रकरण उच्च न्यायालयात चालले. २०१९ साली न्यायालयाने निकाल दिला की, कोणालाही माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर मिळेपर्यंत प्रत्येक कुटुंबाला दरमहा पंधरा हजार रुपये भाडे आणि पंचेचाळीस हजार रुपये अनामत द्यावी, असा त्याचा आदेश होता.